‘ताई, खाडा कोण भरणार?’ : लसीबद्दल बोलायला शिकताना

समाजकार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी आम्ही एक प्रसंग उभा करतो. सतरंजीवर एक मुलगी बसते, ओढणीची गुंडाळी करून मांडीवर घेते. ती बीडकडून साखर कारखान्यावर ऊसतोडीला आलेली बाई, ओढणी म्हणजे तिचं अडीच महिन्यांचं बाळ आणि सतरंजी म्हणजे तिची कोपी, म्हणजे झोपडी. दुसरी मुलगी कार्यकर्ती होऊन येते.

“ताई, बाळाची अडीच महिन्यांची लस राहिलीय ना?”

“हो. पण नको.”

“अहो, असं कसं? लस नाही दिली तर घटसर्प होऊ शकतो, डांग्या खोकला होऊ शकतो. सरकार फुकट देतंय. बाळाच्याच भल्याचं आहे.”

“हो ताई. बघू.”

इथे मी थांबवते. “बघू” या शब्दाचा अर्थ आपल्या सगळ्यांना माहीत असतो. समोरच्याचा मान राखून दिलेला तो नकार आहे. कार्यकर्ती मात्र परत येऊन वहीत लिहिते, “समुपदेशन केले.” पुढच्या महिन्यात तेच बाळ, तीच राहिलेली लस, पुन्हा “बघू”.

मग दुसरी फेरी. या वेळी कार्यकर्तीला एकच बंधन घालते. पहिली पाच मिनिटं लसीचे फायदे सांगायचे नाहीत, फक्त विचारायचं.

“दीड महिन्याची लस दिली होती ना? तेव्हा काय झालं?”

“दोन दिस लेकरू तापानं फणफणलं. रातभर रडलं. पहाटं फडात जायचं व्हतं, गेलेच न्हाई. मुकादमानं खाडा लावला. आता परत ताप आला तर खाडा कोण भरणार, ताई?”

खाडा म्हणजे कामावर न आल्याचा दंड. तो लावणारा मुकादम म्हणजे तोडणाऱ्यांची टोळी घेऊन येणारा कंत्राटदार. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या कोयत्यावर हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि एक जण घरी राहिला की दंड त्या उचलीत चढतो. या बाईला लसीबद्दल एकही गैरसमज नव्हता. लस चांगली आहे, हे तिला कार्यकर्तीच्या आधीपासून माहीत होतं. तिने हिशेब केला होता आणि तिच्या बाजूने बघितलं तर तो चुकीचाही नव्हता.

समाजकार्यकर्त्यांना लसीकरणाबद्दल बोलायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय शिकवायचं, याचं उत्तर मला या पाच मिनिटांत सापडतं. म्हणून सुरुवात इथून केली.

लस देण्याचं काम आरोग्यसेविकेचं. बाळांच्या याद्या करणं, आईला सत्राला घेऊन येणं हे आशाताईंचं. मग यात समाजकार्यकर्ता कशाला हवा? कारण लोक अडकतात ते बहुतेक वेळा सुईपाशी नाही, त्याच्या आधी. नवऱ्याच्या परवानगीपाशी, सासूच्या भीतीपाशी, बुडणाऱ्या रोजापाशी, गावी राहिलेल्या कार्डापाशी, मागच्या वेळी दवाखान्यात झालेल्या अपमानापाशी. ही सगळी समाजकार्याची जागा आहे. सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, वस्तीत काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते, एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे, फील्डवर्कला आलेले विद्यार्थी, हे लोक त्या घरात इतर कारणांनी आधीच जात असतात. रेशनकार्डासाठी, शाळेच्या दाखल्यासाठी, दारू सोडवण्यासाठी. त्यांच्यावर विश्वास बसलेला असतो. हा विश्वास लसीच्या कामी यावा असं आरोग्य यंत्रणेला वाटणं साहजिक आहे. पण तो कसा वापरायचा, हा खरा प्रश्न आहे, कारण एकदा वापरून संपला की तो पुन्हा मिळत नाही.

समाजकार्याचं एक जुनं तत्त्व आहे, स्वयंनिर्णय. आपल्याकडे आलेल्या माणसाचा निर्णय त्याचा असतो, आपण तो घ्यायला मदत करतो. आता लसीच्या बाबतीत हे तत्त्व घेऊन उभं राहिलं की लगेच कोणीतरी म्हणतं, “म्हणजे लस घेऊ नका म्हटलं तरी मान डोलवायची का?” नाही. आणि उलट टोकाला जाऊन “आकडा पूर्ण करायचाय, काहीही करून घ्यायला लावा” असंही नाही. या दोन्हींच्या मधली जागा म्हणजे समजून-उमजून घेतलेला निर्णय. त्यासाठी माणसाला खरी माहिती मिळायला हवी. ती त्याच्या भाषेत उमगायला हवी. त्याच्यावर धाक किंवा आमिष नको. आणि निर्णय घेणारी व्यक्ती तो घ्यायच्या स्थितीत हवी. यातलं एक जरी नसलं तरी “हो” हा होकार नसतो, नुसती मान हललेली असते.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून प्रशिक्षणात इतिहास सांगावा लागतो आणि महाराष्ट्राला तो शोधायला लांब जायला नको. 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा ब्रिटिश अधिकारी रँड याच्या देखरेखीखाली सैनिक घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, माणसं उचलून छावण्यांत नेली. रोग खरा होता, हेतूही साथ रोखण्याचाच होता. पण लोकांच्या लक्षात राहिला तो अपमान. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस सगळ्यांत आधी स्वतःला टोचून घेतली होती. हा प्रसंग मी आदराने सांगते, पण त्याला जोडून हेही सांगते की पुढची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर झाली. ते स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. कोठडीतल्या माणसाची स्वेच्छा किती खरी धरायची, यावर विद्यार्थी तासभर वाद घालतात. मी घालू देते.

दुसरं उदाहरण अलीकडचं आहे आणि माझ्या मते प्रत्येक समाजकार्यकर्त्याने ते पाठ करावं. 2009 मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत 10 ते 14 वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. पुढे या मुलींपैकी सात जणींचे मृत्यू झाले, आरडाओरड झाली आणि एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. साप चावणं, बुडणं, कीटकनाशक पिणं अशी कारणं होती. पण चौकशीत दुसरी एक गोष्ट उघड झाली. वसतिगृहात राहणाऱ्या कित्येक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या नव्हे, तर वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती. आजही जगभर वापरली जाते. संमतीत कसूर झाली आणि त्याची किंमत त्या लसीने आपल्या देशात वर्षानुवर्षं मोजली. संमतीचा कागद हा कामातला अडथळा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हिशेब बघावा.

कोविडच्या काळातही आपण हेच पाहिलं. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही असा आदेश निघाला. केंद्रांवर गर्दी वाढली हे खरं. पण रेशनसाठी टोचून घेतलेली बाई पुढच्या वेळी पोराला गोवराची लस द्यायला आपण होऊन येईल का? मला ती खात्री वाटत नाही. पुढे 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घटनेच्या कलम 21 खाली माणसाला आपल्या शरीरावर हक्क आहे आणि कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकतं, फक्त ते प्रमाणात असायला हवेत. व्हॉट्सॲपवर या निकालाचं अर्धं वाक्य फिरतं. कार्यकर्त्याला पूर्ण माहीत हवं.

आता ऐकण्याकडे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या व्यसनात अडकलेल्यांशी बोलण्याची एक पद्धत मांडली, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. माणसाला जितकं ढकलाल तितका तो पाय रोवतो, ही त्यामागची समज. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात बाळंतीण आयांशी लसीबद्दल याच पद्धतीने बोललं जातं. व्यसनमुक्तीत काम केलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हे नवीन वाटत नाही, ते हसून म्हणतात, “हे तर आम्ही रोजच करतो.” करतात खरं. पण लसीचा विषय आला की तेच लोक अचानक शिक्षक होतात. कारण तिथे आपण बरोबर आहोत याची त्यांना खात्री असते आणि खात्री असली की ऐकणं थांबतं.

पद्धत अशी. प्रश्न असे विचारायचे की उत्तर “हो-नाही” यावर संपू नये. “लस दिली का?” ऐवजी “लसीबद्दल घरात काय बोलणं झालं?” मग जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, “म्हणजे तुम्हाला लसीची भीती नाही, तापाच्या दिवशी घरी थांबायची अडचण आहे.” हे नेमकं बसलं की समोरची बाई पहिल्यांदा मान वर करून बघते. मग परवानगी मागायची, “याबद्दल मला थोडं माहीत आहे, सांगू का?” हा प्रश्न वेळकाढू वाटतो. पण जिला कोणीच कशासाठी विचारत नाही, त्या बाईला “सांगू का?” हे दोन शब्द फार मोठे असतात. आणि ती “नको” म्हणाली तर खरोखर थांबायचं. विद्यार्थ्यांना सगळ्यांत जड जातं ते हेच.

माहिती सांगतानाही एक कसब लागतं. “लस 100 टक्के सुरक्षित आहे” हे वाक्य मी प्रशिक्षणात बाद केलंय. ते खरं नाही आणि पहिला ताप आला की बोलणाराही खोटा ठरतो. त्याऐवजी माणसं मोजून सांगावं. गोवर झालेल्या साधारण 20 मुलांमागे एकाला न्यूमोनिया होतो, 1000 मागे एकाच्या मेंदूला सूज येते. गोवराच्या लसीनंतर काही मुलांना आठवडा-दीड आठवड्याने ताप येतो, अंगावर थोडं पुरळ येतं आणि जातं. जिवावर बेतणारी ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला होते, म्हणूनच लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवतात. हा अर्धा तास कशासाठी, हे कित्येक आयांना कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांना वाटतं, ताई उगाच खोळंबा करतात.

समजलं की नाही हे “समजलं का?” विचारून कळत नाही. “समजलं” असंच उत्तर येतं. त्याऐवजी, “मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी सासूबाईंनी विचारलं तर तुम्ही काय सांगाल?” यात चूक झाली तर ती सांगणाऱ्याची ठरते, ऐकणारीची नाही. शिवाय तिची घरच्या वादाची रंगीत तालीमही होते. कारण निर्णय पुष्कळदा तिच्या एकटीच्या हातात नसतो. त्या सासूबाईंना किंवा नवऱ्याला भेटायचं का, कसं भेटायचं, हेसुद्धा तिलाच विचारून ठरवायचं. तिच्या डोक्यावरून जाऊन घरच्यांना पटवलं तर आपण बाळाची एक लस मिळवतो, पण तिची घरातली जागा काढून घेतो.

इथे एक अवघड प्रश्न येतो, जो मी टाळत नाही. मोठ्या माणसाने स्वतःसाठी लस नाकारली तर तो त्याचा हक्क. पण बाळाचं काय? बाळ बोलत नाही, त्याच्या वतीने आईबाप ठरवतात. आणि गोवरासारखा आजार एका घरापुरता राहत नाही. ज्यांना कोणाला संरक्षण नाही अशा लोकांत गोवराचा एक रुग्ण 12 ते 18 जणांना लागण करतो. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या गोवंडीत गोवराने लहान मुलं दगावली. दाटीवाटीच्या त्या वस्तीत एका खोलीतला खोकला शेजारच्या खोलीत ऐकू येतो. त्या साथीत सहा महिन्यांच्या बाळांनाही डोस देण्याची वेळ आली, एरवी पहिला डोस नऊ महिन्यांनंतर देतात. म्हणून मी कार्यकर्त्यांना सांगते, तटस्थ राहू नका. तुमचं मत विचारलं तर लपवू नका. “मी माझ्या पोराला सगळ्या लसी दिल्या, मला त्या योग्य वाटतात” हे सरळ सांगा. रोगाची माहिती आणि अफवा यांना एकाच तागडीत तोलू नका. फक्त मत सांगून झालं की निर्णय परत तिच्या हातात द्या आणि दार उघडं ठेवून या. आज नाही म्हणणारी बाई महिन्याभराने हो म्हणते, जर तिला पुन्हा भेटायची लाज वाटली नाही तर.

आणि भीती प्रत्येक वेळी अफवेतूनच येते असं नाही. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसाऐवजी 12 बालकांना सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुखरूप घरी गेली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. पण त्यानंतर एखाद्या आजीने बाटलीवरचं नाव वाचून दाखवा म्हटलं, तर तिला अडाणी म्हणायचं का? तिचा प्रश्न रास्त आहे. बाटली तिच्या हातात द्यावी, वाचून दाखवावी. “असं झालं होतं, ते चुकीचं होतं” हे मान्य करावं. झालेली गोष्ट नाकारणाऱ्या माणसाचं पुढचं कोणतंच वाक्य ऐकलं जात नाही.

लसीनंतर मूल खरंच आजारी पडलं तर? तेव्हा समाजकार्यकर्त्याची कसोटी लागते. “लसीमुळे नाही झालं” असं घाईने म्हणायचं नाही, “लसीमुळेच झालं” असंही नाही. त्याची चौकशी जिल्हा पातळीवरची समिती करते आणि कारण ठरवायला त्यावर राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या समित्या असतात. आपलं काम म्हणजे मुलाला लगेच दवाखान्यात पोचवणं, घटनेची नोंद झाली का ते पाहणं, आईबापांना चौकशीत काय चाललंय ते सांगत राहणं. आणि त्या घरी जात राहणं. सगळी यंत्रणा नेमकी तेव्हा त्या घरी जायचं टाळते.

वैद्यकीय सल्ल्याची रेषा मात्र ओलांडायची नाही. साध्या सर्दी-खोकल्यात लस देता येते, राहिलेल्या डोससाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, कार्ड गावी राहिलं तरी दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी केंद्रावर लस फुकट मिळते, एवढं कार्यकर्त्याला यायलाच हवं. स्थलांतरित कुटुंबांत यातल्या एकेका वाक्याने अडलेली लस सुटते. पण मागच्या डोसला जोराची ॲलर्जी आली होती, बाळाला झटके येतात, बाई गरोदर आहे, असं काही कळलं की “हे डॉक्टरांना विचारू, मी सोबत येते” एवढंच.

परत सतरंजीवर येऊ. दुसऱ्या फेरीत कार्यकर्ती झालेल्या मुलीने छान केलं होतं. तापाचं औषध केंद्रावरच मिळतं, डोस वजनाप्रमाणे आरोग्यसेविका सांगेल, ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, सगळं परवानगी घेऊन सांगितलं. ओढणीचं बाळ मांडीवर हलवत ती दुसरी म्हणाली, “समदं पटलं ताई. मला द्यायचीच हाय लस. पण मुकादमाशी तुमी बोलाल का?”

कार्यकर्ती गप्प झाली. माझ्याकडे बघायला लागली. वर्गही गप्प. हे आम्ही शिकवलेलंच नव्हतं.

मग त्या दुपारी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर वेगळी यादी लिहिली. टोळीतल्या किती बाळांची लस राहिलीय ते एकत्र काढणं, म्हणजे मुकादमापुढे एकटी बाई उभी राहणार नाही. आरोग्यसेविकेला विचारून सत्र कोप्यांजवळ आणि तोडीवरून परतायच्या वेळेला ठेवता येतं का ते बघणं. लसीच्या दुसऱ्या दिवशी आयांचा खाडा धरू नये म्हणून मुकादमाशी, नाही जमलं तर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांशी बोलणं. त्या दिवशी बाळांजवळ कोणी म्हातारं माणूस थांबेल का, हे टोळीलाच विचारणं. कोणी काय करायचं, ती नावं यादीसमोर मुलींनी स्वतः लिहिली. मुकादमाशी बोलायच्या ओळीपुढे बराच वेळ कोणाचं नाव पडलं नाही. शेवटी जिच्या मांडीवर ओढणी होती, ती उठली आणि तिने खडू घेतला.